पायाकडे सोपविलेले काम

कॅनॉट प्लेसहून निघून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग आमच्या रोजच्या पायांखालचा रस्ता आहे. पूर्वी याला कर्झन रोड म्हणत. 1905 साली बंगालची फाळणी करणाऱ्या लाटसाहेबाचे नाव पुसून त्या जागी एका अल्पशिक्षित, मितभाषी स्त्रीचे नाव लागले. नामांतरांच्या आजवरच्या इतिहासात इतका मुकाट आणि इतका पुरता सूड आम्हांस दुसरा आठवत नाही. 2013 पासून नवे महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर उभे आहे, त्यामुळे गावाकडून आलेल्या पाहुण्यांना पत्ता सांगण्याचे काम आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींना सोपे झाले. 2021 च्या सप्टेंबरात संरक्षण खात्याच्या कचेऱ्यांचे नवे संकुलही इथेच उघडले. तथापि ज्या बाईंच्या नावाच्या पाटीखालून हजारो कारकून सकाळ-संध्याकाळ जातात, त्यांच्या घरात चालणाऱ्या एका चाकाची कथा या रस्त्याशी कशी जोडली जाते हे आम्हांला उमगले ते एका क्षुल्लक अपघातामुळे. तो प्रथम सांगितला पाहिजे.

दिवसभर टिप्पण्या आणि स्मरणपत्रे लिहिणाऱ्या माणसाला संध्याकाळी काहीतरी डोळ्यांना दिसेल असे हातून व्हावेसे वाटते. आम्ही लाकडावर कोरीव काम करतो. फार मोठे नव्हे. दाराच्या पाट्या, एखादा चौरंग, कुणाच्या मुलीच्या लग्नात द्यायची करंड्याएवढी पेटी. त्यासाठी हातात लेखणीसारखे धरावयाचे, विजेवर गरगर फिरणारे एक लहानसे हत्यार आम्ही घेतले. बाजारात त्याला मिनी ग्राइंडर म्हणतात, शौकीन लोक रोटरी टूल म्हणतात. अमेरिकेत रॅसिन या गावी आल्बर्ट ड्रेमेल यांनी 1932 साली काढलेल्या कंपनीने हे हत्यार इतके रुळविले, की पुष्कळ ठिकाणी त्याला ड्रेमेल हेच सामान्यनाम झाले आहे. मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेरे घेणारे त्याचे टोक शिसवीवरही लोण्यातून जावे तसे जाते.

दोष एवढाच की त्याची कळ त्याच्या अंगावर असते. उजव्या हातात हत्यार, डाव्या हातात लाकूड. आणि थांबवायचे झाले तर तिसरा हात कुठून आणावा? अंगठा कळीकडे नेताना पकड ढिली होते. एकदा चाफ्याच्या फुलाची चौथी पाकळी संपत आली असता नेमके हेच झाले. हत्यार घसरले आणि तीन पाकळ्या ओलांडून पाटीच्या काठापर्यंत एक ओरखडा उमटला. महिनाभराच्या संध्याकाळी त्या एका रेषेत गेल्या. बोट वाचले, हे घरातील मंडळींनी दहा वेळा ऐकविले. आम्हांस त्या वेळी पाकळीचेच दुःख अधिक होते.

उपाय नवा नाही. वस्तीतील शिंप्याच्या विजेच्या मशिनीखाली जे पायडल असते, तशा पायडलातून वीज हत्यारापर्यंत न्यायची, म्हणजे पाय दाबला की टोक फिरते, पाय उचलला की थांबते, आणि दोन्ही हात कामावरच राहतात. भगीरथ पॅलेसच्या बाजारात हिंडून आम्ही ते सामान जमविले. परंतु टेबलाखाली ते बसविताना मनात आले, की ही युक्ती पहिल्यांदा सुचली कोणाला? शोध घेऊ लागलो तेव्हा लक्षात आले की फिरणाऱ्या चाकाच्या तावडीतून हात सोडविण्याचा खटाटोप माणूस फार जुन्या काळापासून करीत आला आहे, आणि त्यातील एक मोठे प्रकरण आपल्याच मुलखात, किर्लोस्करवाडी, वर्धा आणि येरवडा या तीन ठिकाणी घडले.

आपला कुंभार हा या विषयातील आद्य आचार्य. तो दांडक्याने जड चाकाला गती देतो आणि मग दोन्ही हात मातीला लावतो. चाकाच्या कडेच्या वजनात साठविलेली गती हाच त्याचा तिसरा हात. मात्र ही उसनवारी थोडा वेळच टिकते. चाक मंदावले की पुन्हा दांडके घ्यावे लागते. कातारी त्याहून चतुर. धनुकलीची दोरी लाकडाभोवती गुंडाळून एका हाताने ती पुढेमागे ओढायची, दुसऱ्या हाताने पटाशी धरायची, आणि पटाशीचे टोक स्थिर ठेवायला पायाचा अंगठा लावायचा, ही बसून कातण्याची जुनी भारतीय रीत. परदेशी प्रवाशांना तिचे फार नवल वाटे. इथे हात मोकळा झाला नाही, पण पायाला कारागिराचा दर्जा मिळाला. सूत काढणे आणि लाकडाला चरकावर गोलाई देणे या दोन्ही क्रियांना आपली भाषा कातणे हाच शब्द वापरते, आणि आमच्या मते तो योगायोग नसावा. दोन्हींत एक काम फिरविण्याचे आहे आणि दुसरे जाणण्याचे. फिरविणे कोणीही करील, जाणणे मात्र ज्याचे त्यालाच जमते.

पश्चिमेकडे ही वाटणी शिवणयंत्राने घराघरांत नेली. आयझॅक सिंगरने 1851 साली जे यंत्र पुढे आणले त्याला पायाने चालविण्याची सोय होती. हाताने फिरवायच्या मशिनीत उजवा हात मुठीला जुंपलेला, त्यामुळे कापड सरकविण्यास एकटा डावाच उरे. पायडलाने दोन्ही हात कापडावर आले आणि सरळ शिवण ही साधारण माणसाच्या आवाक्यातील गोष्ट झाली. ज्यांनी लहानपणी आईच्या मशिनीवर चोरून बसून पाहिले असेल त्यांना आठवेल की पायडल हलविणे दिसते तितके सोपे नाही. वरखाली होणाऱ्या पायाचे गोल फिरणाऱ्या चाकात रूपांतर होताना प्रत्येक फेऱ्यात दोन जागा अशा येतात, जिथे पायाचा जोर लागतच नाही; तेवढे अंतर चाक आपल्या गतीने पार करते. सुरुवात चुकली तर चाक उलटे फिरते, धागा तुटतो आणि पाठीत धपाटा बसतो.

दंतवैद्यांनीही हेच केले. अमेरिकेतील जेम्स मॉरिसन यांनी 1871 साली पायाने चालणाऱ्या दात कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आमच्या टेबलावरील हत्याराचे खरे पणजोबा तेच. पुढे वीज आली, दंतवैद्याच्या पायाचे श्रम संपले. पण पायडल गेले नाही. ते आजही त्याच्या खुर्चीपाशी असते. पाय मजूर होता तो मुकादम झाला. या बदलाकडे आम्ही पुन्हा येऊ.

आता आपल्या मुलखातील प्रकरण. खादीच्या चळवळीला पहिल्या दशकातच एक अडचण भेडसावू लागली होती. हातचरख्यावर दिवसभर बसूनही सूत थोडे निघे आणि मजुरी त्याहून थोडी पडे. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघातर्फे सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे, अथवा 7,700 पौंडांचे, बक्षीस जाहीर झाले. त्या काळचा लाख रुपया म्हणजे काय, हे आपल्या वाचकांनी आपापल्या आजोबांच्या पगारावरून ताडून पाहावे. अटी मोठ्या मार्मिक होत्या. यंत्र हलके, उचलून नेण्याजोगे असावे आणि खेड्यातील साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने सहज चालावे. बाईमाणसाला फारसे न दमता आठ तास त्यावर काम करता यावे. आठ तासांत 12 ते 20 नंबरचे 16,000 यार्ड सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, यंत्र वीस वर्षे टिकावे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक नसावा.

कारकुनी सवयीने आम्ही या अटींचा हिशेब मांडून पाहिला. 840 यार्डांची एक लडी धरली तर 16,000 यार्ड म्हणजे एकोणीस लड्या. एका पौंडात जितक्या लड्या बसतात तो सुताचा नंबर. म्हणजे 20 नंबरचे सूत पौंडाला किंचित कमी आणि 12 नंबरचे साधारण दीड पौंडाहून थोडे जास्त, एवढे एका बाईने एका दिवसात काढावयाचे. तासाला दोन हजार यार्ड! एक हात चाकाला बांधलेला असताना एका चातीवर हे होणे नाही. तेव्हा ‘हाताने किंवा पायाने’ हे दोन शब्द त्या जाहिरातीत सहज पडलेले नव्हते. हात सोडविल्यावाचून हा आकडा गाठता येणार नाही हे लिहिणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे.

हे आव्हान मराठी माणसाने घेतले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीत तोवर लोखंडी नांगर निघू लागून वर्षे लोटली होती, आणि शेतकऱ्याच्या हाताला मानवेल असे यंत्र कसे करावे याचा अनुभव तिथे होता. गणेश भास्कर काळे यांनी सिद्ध केलेल्या कताईयंत्रामागे या कारखान्याचे बळ उभे राहिले. परीक्षा झाली, बक्षिसाच्या कसोटीला यंत्र उतरले नाही. ते लाख रुपये अखेरपर्यंत कोणालाच मिळाले नाहीत. या अपयशाची आपल्याकडे कुणी फारशी आठवण काढीत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. नांगराच्या यशाच्या गोष्टी शाळेत सांगतात. पण दीडशे रुपयांत, झोपडीत, वीस वर्षे चालणारे यंत्र करण्यास बसलेल्या माणसासमोर नांगराहून कितीतरी अवघड गणित होते. गिरणीचे यंत्र बिघडले तर फिटर येतो. झोपडीतील यंत्र बिघडले तर ते बाईनेच सुधारायचे किंवा गावच्या सुताराने. जितके भाग वाढवावेत तितके सूत वाढते, आणि तितकीच ती बाई दुसऱ्याच्या हवाली होते. या दोन टोकांमध्ये ज्याने जागा शोधू पाहिली तो हरला म्हणून लहान ठरत नाही.

त्याच सुमारास एक साधी, बक्षिसाच्या आकड्यांपासून दूर असलेली युक्ती गांधींच्या आप्तवर्गातच जन्मली होती. प्रभुदास गांधी यांनी पायाने चालणारा, दोन चात्यांचा चरखा तयार केला. पायाने चाक फिरते, दोन्ही हात मोकळे, आणि प्रत्येक हात एकेक धागा ओढतो. त्याला नाव दिले मगन चरखा. मगनलाल गांधी हे प्रभुदासांचे काका. आश्रमाच्या खादीकामाचा सारा भार वाहणारे ते गृहस्थ 1928 च्या एप्रिलात पाटण्यास वारले होते. त्यांच्याच नावाने वर्ध्याला मगनवाडी झाली आणि 30 डिसेंबर 1938 रोजी गांधींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालयही. नागपूरकडे सुटीवर जाणाऱ्या आमच्या बंधूंनी गाडी बदलताना दोन-तीन तास काढून ते अवश्य पाहावे.

मगन चरख्याची खरी कसोटी मात्र पुण्याजवळ, येरवड्याच्या तुरुंगात लागली. 1932 च्या जानेवारीत गांधींना अटक झाली, तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. वर्षानुवर्षांच्या कताईने कोपर दुखू लागले, हाताला विश्रांती द्यावी असा सल्ला मिळाला. सूत कातणे हे ज्याचे नित्याचे व्रत, त्याला विश्रांतीचा सल्ला म्हणजे व्रतभंगाचाच सल्ला. तेव्हा ते मगन चरख्यापुढे बसले आणि चाक पायाने फिरवू लागले. ज्या माणसाला यंत्राचा वैरी म्हणून जगाने ओळखले, तो दुखऱ्या हाताचे काम पायाकडे देऊन म्हातारपणी नवी कला शिकू लागला, हे चित्र आमच्या मनातून हलत नाही. पेटीत मावणारा, एका मोठ्या चाकाने लहान चाकाला आणि त्याने चातीला गती देणारा जो चरखा आज सर्वत्र दिसतो, त्यालाही येरवडा चक्र हेच नाव आहे. तेव्हा पुणेकरांनी आपल्या गावच्या विद्वत्तेच्या यादीत या तुरुंगाचीही नोंद करावी.

एवढे असूनही मगन चरखा घरोघरी गेला नाही. आम्हांस त्याचे कारण असे वाटते, की दोन धागे ओढणे हे एक धागा दोनदा ओढण्यासारखे नसते. ज्या हाताला जन्मभर फिरविण्याची सवय, त्याला एकदम जाणण्याचे काम दिले तर तो बावरतो. आणि एका बाजूचा धागा तुटला की दुसऱ्या बाजूलाही थांबावे लागते. पाय हातांना मोकळीक देऊ शकतो, कसब देऊ शकत नाही.

स्वातंत्र्यानंतर तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांचा अंबर चरखा आला आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे 1956 पासून, सरकारने त्याचा मोठा प्रसार केला. चार चात्या, आणि धागा ओढण्यास गिरणीतल्यासारखे रूळ. त्याचे कौतुक पुष्कळ झाले, टीकाही झाली. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यात जी उलथापालथ झाली ती कोणी बोलून दाखविलेली आम्ही वाचली नाही. मगन चरख्याने फिरविण्याचे काम हाताकडून काढून पायाला दिले आणि जाणण्याचे काम हाताकडे ठेवले. अंबर चरख्याने जाणण्याचे काम रुळांना दिले, आणि हात पुन्हा मुठीला जुंपला. सूत वाढले हे खरे. मजुरीही वाढली, आणि उपाशी घराला ती आधी हवी असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सुताची जाडी बोटांनी ओळखणारी बाई आणि मूठ फिरविणारी बाई यांत फरक आहे. आमच्यासारख्या दुसऱ्याच्या मसुद्याची स्वच्छ प्रत काढण्यात उमेद घालविलेल्या माणसाला तो फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता पायाच्या मुकादमीकडे वळू. आमच्या हत्यारात पाय काही फिरवीत नाही. वीज फिरविते, पाय फक्त किती आणि केव्हा हे सांगतो. शिवणाच्या जुन्या पायडलात कोळशाच्या चकत्यांची चळत असे. पायाने ती दाबली की चकत्या एकमेकींना घट्ट भिडत, विजेचा अडथळा कमी होई आणि मोटार वेग घेई. असे पायडल पुष्कळ वेळ चालले की पायाला ऊब लागे. दिल्लीच्या जानेवारीत तो एक फायदाच. नव्या पायडलात ट्रायॅक नावाचा लहानसा भाग असतो. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भाग तो कापून टाकतो, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा तो आपले पाणी तोडतो आणि सोडतो. मोटारीला तेवढे कमी मिळते, म्हणून ती हळू फिरते.

इथे एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण आमच्या मंडळींत घरी दुरुस्तीची हौस दांडगी असते. कार्बन ब्रशची साधी मोटार असलेल्या हत्यारालाच असले वेग बदलणारे पायडल चालते. हत्याराच्या पोटात आधीच वेगाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असेल तर दोन मुकादम एकाच मजुरावर हुकूम सोडू लागतात. मोटार धक्के खाते आणि भाग जळतात. अशा वेळी नुसते चालू-बंद करणारे पायडल घ्यावे आणि वेग हत्यारावरच ठरवावा. पायडल पाय उचलताच आपोआप बंद होणारे असावे. एकदा दाबून चालू आणि पुन्हा दाबून बंद अशी कळ या कामाला घातक. वरून झाकण असलेले उत्तम, कारण टेबलाखाली मांजर, मूल किंवा पडलेली पटाशी यांपैकी काहीही पायडल दाबू शकते. आणि टोक बदलताना पायावर विश्वास न ठेवता प्लग भिंतीतून काढावा. चष्मा तर हवाच. हात मोकळे झाल्याने माणूस निर्धास्त होतो, आणि मिनिटाला तीस हजार फेऱ्यांपुढे निर्धास्तपणा परवडत नाही.

आमच्या रस्त्याच्या कॅनॉट प्लेसकडील टोकापासून थोडे चालले की पालिका बाजारावरच्या बागेत 2017 साली बसविलेला पोलादी चरखा दिसतो. सुमारे पंचवीस फूट लांब आणि बारा फूट उंच. लोक त्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. तो पाहिला की आम्हांस त्याच्या शेकडो पटींनी लहान, तुरुंगातील चाकाची आठवण होते. 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान महालात, नजरकैदेतच कस्तुरबा गेल्या, तेव्हा अखेरच्या प्रवासात त्यांच्या अंगावर गांधींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी होती. त्या सुतातील किती तार हाताने चाक फिरवून निघाले आणि किती पायाने, हे आता कोण सांगणार? त्यांच्या नावाच्या पाटीखालून जाताना हा प्रश्न हल्ली आमच्या मनात येतो. कचेरीच्या फाटकाशी ओळखपत्र काढताना तो सुटतो आणि परतताना पुन्हा धरतो.

ओरखडा पडलेली ती पाटी आम्ही टाकली नाही. लाकूड चांगले होते, आणि ओरखड्याच्या वळणावरच एक देठ काढता येईल असे दोन-तीन दिवसांनी ध्यानात आले. पायडल आता टेबलाखाली आहे. डावा पाय त्यावर, उजवा जमिनीवर, कारण उजव्या पायाला सायकलच्या सवयीने जोर अधिक आणि आम्हांस हवा आहे सूक्ष्मपणा. पहिला आठवडा पाय आणि डोळा यांचे जमेना. पाय अर्धा क्षण उशिरा उठे. आता जमते. चार पाकळ्या नीट झाल्या आहेत, पाचवी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी व्हावी असा विचार आहे.